लवकर निवृत्ती : घर, हिशेब आणि हौस

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)



मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरचं नियोजन'. मी सेक्रेटरींना म्हटलं, नियोजनावर बोलायला एखादे सी.ए. बोलवा, माझ्याकडे फक्त चुकांची यादी आहे. ते म्हणाले, "मग तीच वाचा, निदान लोक जागे राहतील." तेव्हा आज तुम्ही जागे राहिलात तर श्रेय त्यांचं, आणि डुलक्या घेतल्यात तर दोष माझा.

मी दूरसंचार खात्यात लागलो १९८९ साली. २००० मध्ये खात्याचं बीएसएनएल झालं, आणि २०१९ मध्ये पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. देशभरातले सुमारे ७८ हजार लोक त्या योजनेत बाहेर पडले. ३१ जानेवारी २०२० हा आमचा सगळ्यांचा शेवटचा दिवस. मी ५४ वर्षांचा होतो. पेन्शन सुरू होणार होती, शिवाय एक रक्कम हाती येणार होती. मुलगी नोकरीला लागली होती. सौ. शाळेत शिक्षिका, तिची सात-आठ वर्षं शिल्लक. म्हणजे तसं पाहिलं तर काळजीचं काही कारण नव्हतं.

माझ्याजवळ एक डायरी होती. तीस वर्षं नोकरी करताना 'निवृत्त झाल्यावर बघू' म्हणून ज्या ज्या गोष्टी मागे टाकल्या, त्या मी तिच्यात लिहून ठेवल्या होत्या. निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी ती उघडून मोजलं, तर ३१ नोंदी होत्या. त्यांतल्या २६ घराच्या कामांच्या होत्या. स्वयंपाकघराचा ओटा, मागच्या भिंतीची भेग, गच्चीचं गळणं, जुनं वायरिंग, जिन्याचा कठडा. उरलेल्या पाचांत एक नोंद अशी होती : 'दादाबरोबर गावी जाणे.'

ही नोंद जरा समजावून सांगतो. आमचं मूळ गाव राजापूर तालुक्यात. पणजोबा होळकरांच्या नोकरीसाठी इंदूरला आले ते इथलेच झाले. इथल्या पुष्कळ घरांची हीच गोष्ट आहे. गावाशी संबंध उरला तो कुलदैवताच्या अभिषेकाच्या मनीऑर्डरीपुरता. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, देवासला असतो. तो लहानपणी एकदा आजोबांबरोबर गावी जाऊन आलेला. मी कधीच गेलो नव्हतो. दोघांनी ठरवलं होतं, मी सुटलो की जायचं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दादाचा फोन आला. "अरे, गावच्या चुलतभावाशी बोललो. आंब्याला मोहोर आलाय म्हणतो. अवंतिकेने मुंबई, तिथून कोकण रेल्वेने राजापूर रोड. चार दिवसांत जाऊन येऊ."

मी म्हटलं, "दादा, आत्ताच ओट्याचं काम काढलंय. ते उरकू दे, मग निवांत जाऊ."

'मग निवांत जाऊ'. आज मी जे काही बोलणार आहे ते या तीन शब्दांबद्दल आहे.

काम सुरू झालं १० फेब्रुवारीला. मिस्त्रीचा अंदाज दोन लाख चाळीस हजारांचा. जुन्या घराची गंमत तुम्हाला ठाऊक आहे. एक फरशी काढली की तिच्याखालून तीन कामं निघतात. ओटा फोडला तर मागचे लोखंडी पाइप गंजलेले. पाइप बदलायला भिंत फोडली, तर आतलं वायरिंग वडिलांच्या काळचं. शेवटी खर्च झाला तीन लाख पंच्याण्णव हजार. आणि वेळ? मार्चच्या सुरुवातीला मजूर भगोरियासाठी झाबुआकडे आपल्या गावी गेले. होळी, रंगपंचमी झाली की येतो म्हणाले. ते यायच्या आत लॉकडाउन लागला.

त्यानंतर तीन महिने आमच्या घरात ओटा नव्हता. गॅसची शेगडी देवघराबाहेरच्या बोळात, एका जुन्या टेबलावर. सौ. त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मोबाइल उभा करून मुलांना गणित शिकवायची, आणि मध्ये कुकरची शिट्टी झाली की मुलं हसायची. एके दिवशी ती मला म्हणाली, "अहो, निवृत्त तुम्ही झालात, मी नाही. मला मात्र शाळा संपली की सिमेंटची धूळ झाडायची दुसरी नोकरी लागली आहे." हे मी त्याच दिवशी ऐकायला हवं होतं. मी उत्तर दिलं, "थोडंच राहिलंय."

जुलैमध्ये ओटा झाला. छान झाला, खोटं कशाला बोलू. आणि मग आली २१ ऑगस्टची रात्र. दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी होती. त्या रात्रीचा पाऊस इंदूरकर विसरणार नाहीत. आमच्या माडीच्या मागच्या भागावर कवेलू आहेत. पुण्याचे पाहुणे त्यांना कौलं म्हणतात, पण गळायचं ते दोन्ही गळतात. रात्री दोन वाजता मागच्या भिंतीवरून पाणी उतरायला लागलं आणि नव्या कपाटांच्या फळ्यांत शिरलं. सकाळी बघतो तर फळ्या फुगून दारं लागेनात. पावसाळी पाण्याचा जो पाइप माडीवरून खाली येतो, त्याचा सांधा निखळला होता. ते सगळं पाणी कित्येक पावसाळ्यांपासून भिंतीच्या पायातच मुरत होतं.

पाऊस थांबल्यावर एक जुने मिस्त्री घर बघायला आले. मागच्या भिंतीची भेग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर गेली होती. मी ती तीन वेळा पुट्टीने भरली होती, तीनही वेळा ती पुन्हा उघडली होती. मी त्यांना भेग दाखवली. त्यांनी भेगेकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "भैया, दीवार मत देखो, पानी देखो."

माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पायाजवळ एका बाजूला पाणी मुरत राहिलं की तेवढाच पाया वर-खाली होतो, आणि भिंत तिरकी चिरते. पुट्टीने ती चीर दिसेनाशी होते, एवढंच. त्यांनी भेगेवर आडवी, बोटभर रुंद प्लास्टरची पट्टी लावली आणि तिच्यावर पेन्सिलीने तारीख लिहिली. पट्टी तडकली तर भिंत अजून हलते आहे, शाबूत राहिली तर भिंत थांबली आहे. मग पाइपाचा सांधा नीट केला आणि भिंतीलगत बाहेरच्या बाजूला उताराची फरसबंदी केली. खर्च आला साडेसोळा हजार. ती पट्टी आजही शाबूत आहे. हेच साडेसोळा हजार मी फेब्रुवारीत आधी खर्च केले असते तर बरंच काही वाचलं असतं.

त्यानंतर मी डायरीतल्या २६ कामांचे तीन गट केले. पहिला गट, थांबणार नाही ते. यात तीनच गोष्टी : पाणी, वीज आणि पडण्याची भीती. गळती, जुनं वायरिंग, हलणारा कठडा, न्हाणीघरातली निसरडी फरशी. दुसरा गट, थांबू शकतं ते. रंग, दारं, ओटा. तिसरा गट निव्वळ हौसेचा. मोजून पाहिलं, तर न थांबणारी कामं फक्त सहा होती. बाकीच्या वीस कामांनी माझी झोप उगाच घालवली होती.

आणखी चार नियम अनुभवातून शिकलो. एक, एका वेळी एकच काम. ते पूर्ण होऊन झाडलोट होईपर्यंत दुसरी भिंत फोडायची नाही. दोन, मिस्त्रीचा अंदाज जुन्या घराला दीडपट धरायचा, आणि दीडपट पैसे जमल्याशिवाय हात घालायचा नाही. तीन, फोडाफोडीचं काम दसऱ्यानंतर काढायचं आणि होळीच्या आत संपवायचं. चार, शिडीवर चढायचं काम पैसे देऊन करून घ्यायचं. पन्नाशीनंतर शिडीवर वाचवलेले पाचशे रुपये हाडांच्या डॉक्टरकडे जातात.

आता पैशाकडे येतो. लवकर निवृत्त होणाऱ्याची अडचण अशी की त्याला पैसा जास्त वर्षं पुरवायचा असतो. एक सोपा हिशेब सांगतो. ७२ ला महागाईच्या दराने भागायचं, म्हणजे किती वर्षांत खर्च दुप्पट होईल ते कळतं. महागाई ६ टक्के धरली तर १२ वर्षं. म्हणजे ५४ व्या वर्षी महिन्याला ४० हजार लागत असतील तर ६६ व्या वर्षी ८० हजार, आणि ७८ व्या वर्षी एक लाख साठ हजार लागतील, तेही राहणी जराही न वाढवता. माझ्या पेन्शनीला महागाई भत्त्याचा आधार आहे. ज्यांचं घर फक्त व्याजावर चालणार आहे, त्यांनी हा हिशेब राजीनामा देण्यापूर्वी करावा. त्यांनी सगळं व्याज खर्च करून चालणार नाही, त्यातला काही भाग मुद्दलात परत टाकावा लागतो.

दुसरी गोष्ट ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची. ती साधारणपणे ६० वर्षांनंतर मिळते. निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना मात्र ५५ व्या वर्षापासून मिळते, पण निवृत्तीचे पैसे हाती आल्यापासून ठरावीक मुदतीत ते गुंतवावे लागतात. मी ५४ चा होतो, मला तो दरवाजा बंद होता. तुमच्यापैकी कोणी ५५ च्या आसपास विचार करत असेल तर तारीख ठरवण्याआधी पोस्टात चौकशी करा. २०२३ पासून या योजनेची मर्यादा ३० लाख आहे. ८.२ टक्क्यांनी ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. म्हणजे दोन-चार महिन्यांच्या फरकाने बराच फरक पडतो. तसंच मेडिक्लेमचं. कंपनीचा विमा बहुधा नोकरीबरोबर संपतो, आणि नव्या विम्यात जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तेव्हा स्वतःचा विमा नोकरीत असतानाच घ्या.

आमच्या घरी आता वर्षभराच्या खर्चाइतकी रक्कम बाजूला ठेवलेली आहे. आजारपणाशिवाय तिला हात लावायचा नाही. उरलेल्याचे चार भाग. पहिला, महिन्याचा घरखर्च. दुसरा, वर्षातून एकदा येणारे खर्च : घरपट्टी, विमा, गाडी, आहेर, गणपती-दिवाळी. हे 'अचानक आले' असं आपण दरवर्षी म्हणतो, आणि ते दरवर्षी त्याच महिन्यात येतात. आमचे हे खर्च वर्षाला एक लाख चव्वेचाळीस हजार होतात, म्हणून दर महिन्याला बारा हजार वेगळ्या खात्यात जातात. तिसरा भाग घराच्या कामांचा, महिन्याला आठ हजार. जेवढे जमतील तेवढंच काम करायचं, एफ.डी. मोडायची नाही.

आणि चौथा भाग हौसेचा, महिन्याला सहा हजार. याचे दोन नियम सौ.ने घातले आहेत. पहिला, हे पैसे मार्चअखेर संपलेच पाहिजेत. दुसरा, उरले तरी ते घराच्या खात्यात जाणार नाहीत. मी पहिल्या वर्षी विचारलं, "यातले दहा हजार कठड्याला घेऊ का?" ती म्हणाली, "कठड्याचे पैसे कठड्याच्या खात्यातून. हे आपले आहेत."

हौस म्हणजे दर वेळी मोठा प्रवास नव्हे. निवृत्त माणसाच्या हाती एक मोठी सवलत असते, ती म्हणजे बुधवार. पावसाळ्यातलं मांडू रविवारी बघायचं तर माणसांची डोकी दिसतात, बुधवारी धुकं दिसतं. सौ.ला शाळेची सुटी असली की आम्ही आडवारी निघतो. हिवाळ्यात महेश्वरच्या घाटावर सकाळी सातला जाऊन बसतो, थर्मासमधला चहा पितो, दुपारी परत. एकूण खर्च पेट्रोल आणि जेवण. कधी कधी नुसते राजवाड्याकडे चालत जाऊन पोहे-जलेबी खाऊन येतो. त्याचाही हिशेब ती हौसेत लिहिते. लिहिलं की आपण केलं हे लक्षात राहतं.

आता दादाकडे परत येतो, कारण हा हिशेब अजून जुळलेला नाही.

२०२० आणि २०२१ ही वर्षं कोरोनाच्या नावावर लिहा. २०२२ मात्र माझ्या नावावर आहे. तेव्हा सगळं सुरू झालं होतं. दादाने जानेवारीत विचारलं, मी माडीचं काम काढलं होतं. दिवाळीनंतर विचारलं, तेव्हा रंगारी आले होते. दादाला काचबिंदू आहे. २०२० मध्ये थेंब चालू होते आणि तो पेपर वाचत होता. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. ते त्याने मला सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

आम्ही गेलो जानेवारी २०२३ मध्ये. मी, दादा आणि दोघींनाही घेऊन. चुलतभाऊ स्टेशनवर आला होता. घराच्या जागी आता फक्त जोतं उरलंय, चिऱ्यांचं, आणि पुढे तीन पायऱ्या. दादाला उजेड कळत होता, आकार कळत नव्हते. तो पहिल्या पायरीवर बसला, हाताने चिरा चाचपला आणि मला म्हणाला, "समोर फणस होता, आहे का बघ."

फणस होता. मी सांगितलं, आहे.

"केवढा झालाय?"

मी सांगायला लागलो. खोड केवढं, फांद्या कुठवर गेल्यात, मागे आंब्यांना मोहोर कसा आलाय. तीस वर्षं टेलिफोनच्या खात्यात काढली, दुसऱ्याचं बोलणं लांब पोचवायचं काम केलं, पण त्या दिवशी मला शब्द पुरले नाहीत. दादा शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "चांगलं सांगतोस." एवढंच. त्याने मला एका शब्दाने दोष दिला नाही. परतीच्या गाडीत वहिनींनी सगळ्यांना थालीपीठं वाढली आणि तो हसून गप्पा मारत होता.

मित्रांनो, लॉकडाउन येणार हे कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. म्हणून फेब्रुवारी २०२० बद्दल मी स्वतःला फार बोल लावत नाही. पण माझ्या डायरीत ३१ नोंदी होत्या, आणि त्यांतली एकच अशी होती की जी उशिरा केल्यावर तशी उरणार नव्हती. ओटा तीन वर्षांनी झाला असता तरी ओटाच झाला असता. म्हणून आता आमच्या 'थांबणार नाही' या गटात पाणी, वीज आणि पडण्याची भीती यांच्या जोडीला चौथी ओळ आहे : माणसं. तिच्यात कोणाचे गुडघे, कोणाचे डोळे, कोणाचं माहेर, असं सगळं येतं. दर जानेवारीत आम्ही दोघं ती यादी आधी लिहितो आणि मग मिस्त्रीला फोन करतो.

शेवटी एक आठवण सांगून थांबतो. त्या २२ ऑगस्टच्या सकाळी आमच्या घरात घोटाभर पाणी होतं. मी आठ दिवस खपून केलेलं थर्माकोलचं मखर भिजून वाकलं होतं. मी हताश होऊन म्हटलं, आता कसं करायचं? सौ.ने कोरडा कोपरा बघितला, स्टूल पुसलं, त्यावर पाट ठेवला आणि म्हणाली, "चतुर्थी आज आहे. मखर पुढच्या वर्षी करा." मुहूर्तावर गणपती बसले. आरती झाली, मोदक झाले, शेजारची मुलं गुडघ्यापर्यंत पँट दुमडून प्रसादाला आली. आमच्या घरातल्या इतक्या वर्षांच्या गणपतींमध्ये मुलांना आजही तोच आठवतो.

मखर अपुरं राहिलं म्हणून चतुर्थी कोणी पुढे ढकलत नाही. निवृत्तीतली चांगली वर्षंही तशीच असतात. ती आपल्या दिवशी येतात आणि आपल्या दिवशी निघतात. घराचं काम त्यानंतरही चालू राहतं. आमच्याकडे अजून अकरा नोंदी बाकी आहेत.

या महिन्यात दादा आमच्याकडे राहायला येतोय. अनंत चतुर्दशीच्या झांकी बघायला आम्ही जाणार आहोत. बघणार मी, सांगणार मी, आणि चुका काढणार दादा.

 गणपती बाप्पा मोरया!